हरिबा मास्तरांचा नकार

खरातवस्ती, ता. आटपाडी
९ ऑगस्ट १९७६

मित्र नानासो यास हरिबाचा रामराम.

तू साताऱ्याच्या कॉलेजात प्राध्यापक झालास, मी इकडं माळावरच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो, तरी तुला लिहायला बसलं की हातातनं घरचीच बोली येती. ती चालवून घे. पुस्तकी भाषा दिवसभर पोरांम्होरं बोलून माझा जबडा दुखतो.

कामाचं लिहितो. गेल्या शनवारी हेडमास्तरनं आमा आठ मास्तरांना खोलीत घेतलं आणि दार लावलं. तालुक्यावरनं हुकूम आलाय. प्रत्येक मास्तरानं दिवाळीच्या आत नसबंदीच्या ऑपरेशनला एक माणूस आणायचा. त्याला ‘केस’ म्हणायचं. केसची चिठ्ठी फायलीला लागली न्हाई तर पगार बंद, आणि पुढं नोकरीचंबी खरं न्हाई. बाकीच्यांनी लगीच वह्या काढून नावं लिहायला घेतली. कुणाची? शाळेतल्या पोरांच्या बापांची. ज्याची फी माफ त्याचा बाप पयला. माझ्या शेजारचा मास्तर हळूच म्हणला, तुमचा तर धनगराचा वाडा हाय, तुमाला काय माणसांचा तोटा?

मी वही उघडली न्हाई. तवापासनं डोक्यात आपलं ते अमेरिकावालं फिरतंय. वसतिगृहाच्या गच्चीवर आपण वाचायचो बघ. सव्वाशे वर्सांमागं तिकडच्या एका लहान गावातली ती चार डोकी, देव माणसाच्या आतच हाय, त्याला पाद्री नको, देऊळ नको, घोळक्याची परवानगी नको असं म्हणणारी. त्यातला एक तळ्याकाठी खोपटं बांधून एकटा ऱ्हायला आणि सरकारला कर द्यायचा न्हाई म्हणून तुरुंगात जाऊन बसला. आपण दोघं किती भारावलो हुतो. तू तर आता त्यांच्यावरच प्रबंध लिहितोयस, म्हणून तुला इचारतो. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?

रंगूला ही गोष्ट सांगितली. तुझी वहिनी म्हणती, त्या तळ्यावरच्या माणसाला बायको-पोरगी हुती का? न्हवती म्हणलं. मग ती भाकऱ्या थापायला लागली.

हरिबा

*

सातारा
२० ऑगस्ट १९७६

प्रिय हरिबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक सूचना आधी: इनलँड चिकटवताना जरा जास्त डिंक लावत जा. हल्ली पत्रं आधी दुसऱ्यांना कळतात, मग आपल्याला.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. मी नाही म्हणालो असतो. गड्या, आपण त्या मंडळींकडून दुसरं काय घेतलं? तळं आणि झाडं तर आपल्याकडेही आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जे करायला तुझं मन आतून नकार देतं ते साऱ्या मुलखाने केलं म्हणून तुझ्यासाठी बरोबर ठरत नाही. त्यांच्या काळात तिकडे कायदाच होता, पळून आलेला गुलाम दिसला तर त्याला धरून मालकाकडे परत द्यायचा. पुष्कळ सभ्य लोकांनी तो पाळला. पोटापाण्याचा प्रश्न त्यांनाही होता. पण ज्यांनी पाळला नाही, त्यांची नावं मी आज सव्वाशे वर्षांनी वर्गात सांगतो. तुलाही माणूस धरूनच द्यायला सांगतायत ना?

तू एकटा आहेस याची भीती बाळगू नकोस. एकटं असणं हीच तर त्या विचाराची पहिली अट आहे. पगाराचं म्हणशील तर फार दिवस थांबवता येणार नाही त्यांना. आमच्या कॉलेजात सुदैवाने अजून असलं काही आलेलं नाही.

वहिनींना सांग, तळ्यावरच्या माणसाला बायको नव्हती हे खरं, पण हिंमत होती.

तुझा,
नानासो

*

खरातवस्ती
२८ सप्टेंबर १९७६

नानासो यास रामराम.

म्हणलो बाबा न्हाई. तालुक्याचा साहेब जीप घेऊन आला हुता. सगळ्यांनी नावं दिली, माझी पाळी आली तवा उभा ऱ्हायलो.  म्हणलं, साहेब, मी पोरं शिकवायला लागलोय, त्यांच्या बापांना वळत न्यायला न्हाई. साहेब हसला. म्हणला, वळायचा धंदा तर तुमचाच की. सगळी खोली हसली. मी खाली बसलो, पण नाव दिलं न्हाई.

या म्हयन्याचा पगार आला न्हाई. रंगू ज्वारीच्या कणगीत हात घालून बघती. आबांना कळलं. आमचा बापबी तेच आणि वाड्याचं म्होरकेपणबी त्येंच्याकडंच, ठाऊक हाय तुला. वाडा म्हंजी तुमच्या इकडच्यासारखा चिरेबंदी न्हवं, सात बिऱ्हाडं, सहाशे मेंढरं आणि चार घोडी, जिथं थांबलं तिथं वाडा. आबा म्हणलं, पोरा, तू काय बोललास ते बरोबरच असंल, पर मला आधी सांगायचं हुतंस. मी म्हणलं, आबा, ह्ये ज्येचं त्येनं ठरवायचं असतंय. ते घोंगडं झटकून उठलं.

धाकटा भाऊ सिद्धू तेवढा माझ्याकडं टक लावून बघत हुता. त्याला माझं लय कवतिक. मला शिकवायचं म्हणून त्यानं चौथीतनं शाळा सोडली आणि कळपामागं गेला, पर कधी एक सबूद काढला न्हाई. यंदा वैशाखात त्याचं लगीन झालं, अंजना नावाची पोरगी हाय, बावीस वर्साचा नवरा आणि सतराची बायको. दसरा झाला की वाडा तुमच्या नदीकाठाकडं सुटंल. इस्लामपूरला तुमच्या मळ्यात दरसालासारखी मेंढरं बसतील. दिवाळीला तू गावी असलास तर त्याच्यावर नजर ठेव. अंजनाची वाड्यासंगं चालायची पयलीच खेप हाय.

हरिबा

*

सातारा
४ नोव्हेंबर १९७६

प्रिय हरिबा,

दिवाळीत दहा दिवस मळ्यात होतो, कालच परत आलो. तुमचा वाडा आमच्या खालच्या रानात उतरला होता. उसाच्या लागणीआधी मेंढरं बसली की मळा सांभाळणाऱ्या आमच्या बाळासोची कळी खुलते; लेंडीखतासारखं दुसरं खत नाही म्हणतो. आबांची भेट झाली. अंजनाच्या हातची चटणी खाल्ली. सिद्धू ठीक आहे. दोन-तीनदा येऊन बसला, तुझ्याबद्दल पुष्कळ बोललो आम्ही. मोठ्या मनाचा मुलगा आहे.

तू टिकून राहा. माझा आतला आवाज मला सांगतो की महिन्याभरात तुझा पगार सुरू होईल. कसा, ते विचारू नकोस.

प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहायला घेतलं आहे, ‘एक व्यक्ती आणि राज्यसंस्था’. लिहिताना सारखा तू समोर येतोस.

नानासो

*

खरातवस्ती
२९ नोव्हेंबर १९७६

नानासो, गड्या,

तुझ्या तोंडात साखर पडो. पगार आला. मागचाबी सगळा आला. हेडमास्तरनं पाकीट म्होरं सरकवलं आणि मान वर न करताच म्हणला, तुमचं झालं मास्तर. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणला, झालं म्हंजी झालं, जावा वर्गावर. म्हंजी बघ, साहेबच नमला. सात जणांनी नावं दिली, एकानं दिली न्हाई, आणि त्या एकाला काय करायचं त्येंच्या हुकमात लिवलेलंच नसणार. माझा इस्वास बसला आता. माणूस खरंच एकटा उभा राहू शकतो. त्या दिवशी नववीच्या वर्गात पोरांना तळ्यावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. लय दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

रंगूनं गोड केलं. ती म्हणली, मला वाटलं न्हवतं.

एक काळजी हाय. काल गुळाच्या ट्रकवाल्यासंगं निरोप आला, सिद्धूला ताप हाय, जबडा धरलाय, गिळवंना झालंय. आबा असल्या गोष्टी सहज कळवत न्हाईत. मी निघू का? आताच सुरू झालेल्या पगारात रजा मागायची म्हंजी साहेबाला निमित्त मिळायचं. तुझं गाव तिथनं हाकेवर हाय. बाळासोला इचारून मला उलट टपाली कळव. तू म्हणशील तसं करतो.

हरिबा

*

सातारा
२ डिसेंबर १९७६

प्रिय हरिबा,

अभिनंदन. तुझी हकिकत मी नाव न घालता प्रबंधात तळटीप म्हणून घालतो आहे. मार्गदर्शकांना फार आवडली.

सिद्धूचं बाळासोकडून कळलं. नदीकाठची थंडी आहे, थंडीताप असेल. घसाही धरतो अशा हवेत. गावच्या वैद्याचा काढा चालू आहे. तू एवढ्यात धावत येण्याची गरज दिसत नाही. नुकता पगार सुरू झालाय, उगीच रजा टाकू नकोस.

नानासो

*

खरातवस्ती
२८ जानेवारी १९७७

नानासो,

सिद्धू गेल्याचं तुला बाळासोनं कळवलं असंलच. तू भेटायला आला न्हाईस, पत्र न्हाई, तवा मला वाटलं प्रबंधाच्या गडबडीत असशील. आता कळलं का आला न्हाईस.

तुझं थंडीतापाचं पत्र मिळालं आणि मी आणखी दोन दिवस थांबलो. मग राहावंना म्हणून निघालो. मी पोचलो तवा त्याचं अंग कमानीसारखं वाकत हुतं. उजेड सोसत न्हवता म्हणून अंजनानं त्याच्यावर घोंगड्याचा आडोसा धरला हुता. मी घोड्यावर घालून मिशनच्या दवाखान्यात न्यायचं म्हणलं, तर दात घट्ट मिटलेल्या तोंडानं तो न्हाई न्हाई करत हुता. माझा हात धरून ठेवला. डिसेंबरच्या आठ तारखेला सकाळी गेला. धनुर्वात असावा असं मागनं डॉक्टर म्हणला. कशातनं झाला, जखम कुठं हुती, कुणालाच सांगता येईना. कातरीनं लोकर काढताना लागलं असंल, असं आबांनी मनाशी धरलं.

आता ऐक. गेल्या आठवड्यात निवडणुका जाहीर झाल्या आणि आमचा हेडमास्तर घाबरला. केसच्या फायली आवरायला त्यानं मलाच बसवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. आठ मास्तर, आठ चिठ्ठ्या. माझ्या नावाचीबी एक हुती. केसचं नाव, सिद्धू जोतीराम. वय बत्तीस. अपत्ये दोन. एक नोव्हेंबर, इस्लामपूरकडचं शिबिर. अंगठा त्याचा. ओळख पटवणारा म्हणून सही तुझी, आणि वय न् अपत्यं घातलेलं अक्षरबी तुझंच. त्या अक्षरातल्या नोटा वाचून मी बी.ए. झालो, मी चुकंन कसा?

त्याला एकबी पोर न्हवतं, नानासो. लगीन होऊन सहा म्हयनं झालं हुतं.

मला दुसरं काय नको. काय झालं ते सगळं लिही. एकबी सबूद गाळू नको.

हरिबा

*

सातारा
९ फेब्रुवारी १९७७

हरिबा,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहितो.

आमच्या कॉलेजात काही आलेलं नाही असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं, ते खोटं होतं. जुलैतच आलं होतं. मी आमच्या मळ्यातला सालगडी गुंडा, त्याला नेऊन माझी चिठ्ठी पूर्ण केली होती. त्याला पाच मुलं आहेत, त्याचं काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. तुला नाही म्हणायला सांगितलं तेव्हा माझी चिठ्ठी प्राचार्यांच्या टेबलावर पोचलेली होती. आपल्या दोघांपैकी एकाने तरी नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं.

दिवाळीत सिद्धूला हे गुंडाकडून कळलं. तो माझ्याकडे आला. म्हणाला, दादाच्या नावावर माझी चिठ्ठी निघंल का? मी नको म्हणालो, हे खरं मान. तुझी बाजू समजावली. तुझ्या दादाचा प्रश्न तत्त्वाचा आहे, हा त्याच्या एकट्याच्या मनाचा लढा आहे, असं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, सायेब, आमच्या वाड्यात एकाचं मेंढरू पिकात शिरलं तर भरपाई सगळा वाडा देतो. ज्याचं मेंढरू त्याला त्या दिवशी घरी बसवतात, त्याला बोलायला लागू नये म्हणून दुसराच कोणी पुढं होतो. दादा शिरलाय पिकात. आबा म्हातारं झालं, आता मीच जायला पाहिजे.

 दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर त्याला शिबिरात नेलं. मुलं नसलेल्याला घेत नव्हते, म्हणून वय आणि मुलं मी लिहिली. त्याने दोनच अटी घातल्या. आबांना कळायचं नाही, दादाला कळायचं नाही. डॉक्टरांनी आठ दिवस बसून राहा म्हणून सांगितलं होतं. वाड्यात आठ दिवस बसला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी कळपामागे गेला. लेंड्यात बसला, कोकरं उचलली.

आणि आता ते, जे मला लिहवत नाही. बाळासोने नोव्हेंबरअखेर मला कळवलं होतं, पोराचं लक्षण बरं नाही, मांडीच्या वर जखम चिघळलेली दिसते. मला कळलं होतं, हरिबा. तुला थंडीताप लिहिला, कारण दवाखान्यात नेलं असतं तर चिठ्ठी उघड झाली असती, आणि चिठ्ठीवर माझी सही होती. मला वाटलं, काढ्याने उतरेल. मी वाट पाहिली.

त्या तळ्यावरच्या माणसाची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, वर्गातही सांगत नाही. तो तुरुंगात एकच रात्र होता. त्याचा कर कोणीतरी परस्पर भरून टाकला म्हणून त्याला सोडलं. कोणी भरला हे नक्की ठाऊक नाही. घरातलीच एखादी बाई असावी म्हणतात. सिद्धू माझ्याकडे आला त्या दिवशी मला ती आठवली आणि वाटलं, असं होतच आलंय. तेवढ्यावर मी गाडीला किक मारली.

माफी मागायला तोंड नाही.

नानासो

*

खरातवस्ती
२८ मार्च १९७७

नानासो,

सरकार पडलं. पेठेत हलगी वाजली, गुलाल उडाला. आमच्या हेडमास्तरनं फाईल जाळली, म्हंजी सिद्धू कशानं गेला ह्याचा कागदबी आता उरला न्हाई. तुझं पत्र तेवढं हाय.

त्या बाईनं पैसं भरलं आसतील. सिद्धूनं अंग भरलं. ह्या दोन गोष्टी एका ओळीत लिवायला तुझा हात कसा धजला ते मला समजत न्हाई. प्रबंधातनं माझी तळटीप काढ. एवढं तू करशील असं वाटतंय, पर खात्री न्हाई.

परवा वाडा विट्याजवळ उतरला हुता, तिथं गेलो. सात बिऱ्हाडं गोळा केली आणि तुझं पत्र पयल्यापास्नं शेवटपर्यंत वाचलं. आय, अंबूबाई, जमिनीवर डोकं आपटायला लागली, तिला बायकांनी धरलं. आबांनी एकच इचारलं, दोन पोरं हायत म्हणून कुणी लिवलं? मी तुझं नाव सांगितलं. वाड्यानं ठरवलंय, तुमच्या रानात आता आमची मेंढरं बसणार न्हाईत. आमच्या भावकीतल्या बाकीच्या वाड्यांनाबी निरोप गेलाय. बाळासोला सांग, शिव्या न्हाईत, भांडण न्हाई, फकस्त बसणार न्हाईत.

मग माझं. राजीनामा लिवूनच न्हेला हुता. उभा ऱ्हाऊन सांगितलं, ह्या नोकरीचा घास मला आता गिळवत न्हाई, माझं मन मला खातंय, मी नोकरी सोडतो आणि सिद्धूच्या जागी कळपामागं येतो.   तवा अंजना बोलली. ती पोरगी आमच्याम्होरं पदर कधी कपाळाच्या वर जाऊ द्यायची न्हाई, बोलणं तर लांबच.

म्हणली, भावजी, मला ठाऊक हुतं. शिबिराला जायच्या आधी त्येंनी मला सांगितलं. इचारलं न्हाई, सांगितलं. मी रडले, पर हात धरला न्हाई, कारण म्हणलं थोरल्या दिराची नोकरी हाय. नंतर दुखायला लागलं तवा मी म्हणले, सांगूया. तर म्हणाले, दादाच्या मनाला लागंल. तुमी शाळेत न्हाई म्हणला तवा कुणाला इचारलं हुतं, भावजी? जाऊबाईस्नी इचारलं? आबांना? तुमचं मन तुमाला म्हणलं, तुमी केलं. आन् आता त्येच मन म्हणतंय नोकरी सोड, तर सोडायला निघाला.

 मी म्हणलं, मग मी काय करू?

तिनं राजीनाम्याचा कागद मागितला. तिला वाचता येत न्हाई. उलटा धरला, बघितला, आणि म्हणली, ह्यातली तुमची सही कुठली? मी बोट ठेवलं. तेवढाच तुकडा तिनं फाडून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला. म्हणली, माझ्या मालकाचं अंग गेलंय त्या नोकरीत. ती ठेवायची का सोडायची ह्ये आता तुमच्या एकट्याचं न्हाई. आबांनी मान हलवली. बिऱ्हाडं उठली, मेंढरांभोवती वाघरीचं जाळं लावायला गेली.

आज सकाळी शाळेत गेलो. हजेरीपटावर सही केली. मला रिटायर व्हायला सव्वीस वर्सं हायत.

हरिबा